सर्व्हर प्रोग्रॅम खिडकीत चालवायचा की सर्व्हिस म्हणून?

म्हापशातलं औषधांचं दुकान असो, पेडण्यातलं गेस्ट हाऊस असो की डिचोलीतल्या पतसंस्थेची कचेरी, मांडणी बहुधा एकच असते. काउंटरवरच्या एका कॉम्प्युटरवर सर्व्हर प्रोग्रॅम चालतो आणि आतले दोन-तीन लॅपटॉप, एखादा टॅब, मालकाचा मोबाइल असे सगळे त्याला जोडलेले. दिवसभर काही तक्रार नसते. मग मिरगाच्या वादळात लाईट जाते, यूपीएसची बॅटरी संपते, पहाटे लाईट येते, कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो आणि पासवर्डच्या स्क्रीनवर जाऊन थांबतो. विंडोज चालू, वायफाय चालू, पण सर्व्हर बंद, कारण कोणीतरी लॉगिन केल्याशिवाय तो प्रोग्रॅम उठतच नाही. चतुर्थीच्या सुट्टीत विंडोजनं रात्री अपडेट घेऊन रीस्टार्ट केलं तरी हेच होतं, आणि तेव्हा कचेरीत फिरकायलाही कोणी नसतं.

यावर उपाय म्हणजे तो प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून चालवणं. सर्व्हिस विंडोजबरोबर सुरू होते. कोणी लॉगिन केलंय की नाही याच्याशी तिचा संबंध नसतो, आणि लॉगआउट केलं म्हणून ती बंदही पडत नाही. पण एक गोष्ट आधी पक्की समजून घ्यायला हवी. सर्व्हिस झालेला प्रोग्रॅम तुमच्या नावानं चालत नाही. त्याचं खातं वेगळं असतं. तुमचा झेड ड्राइव्ह (नेटवर्कवरचा तुम्ही जोडून घेतलेला फोल्डर), तुम्ही जोडलेला नेटवर्क प्रिंटर, तुमचा डेस्कटॉप यांतलं काहीही त्याला दिसत नाही. विंडोज व्हिस्टापासून सगळ्या सर्व्हिसेस 'सेशन ०' मध्ये वेगळ्या ठेवल्या जातात आणि तिथे माणसासाठी स्क्रीनच नसते. सर्व्हिस केल्यावर येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच असतं.

कशाची सर्व्हिस करावी, कशाची करू नये

डेटाबेस, वेब सर्व्हर, बिलिंग किंवा बुकिंगचा मुख्य सर्व्हर, बॅकअप घेणारा प्रोग्रॅम, थोडक्यात ज्याच्यावर दुसरी मशीन अवलंबून आहेत आणि ज्याला बटण दाबायला माणूस लागत नाही, ते सर्व्हिस म्हणूनच चालावं. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचा विंडोज इन्स्टॉलर हे स्वतःहूनच करतो.

उलट, जो प्रोग्रॅम मध्येच खिडकी उघडून 'ओके' म्हणायला लावतो, तो सर्व्हिस केला तर न दिसणाऱ्या खिडकीपाशी अडकून बसतो. बाहेरून पाहिलं तर सर्व्हिस 'रनिंग' दिसते, पण काम पुढे सरकत नाही. समोरच्या थर्मल प्रिंटरवर थेट पावती काढणारे प्रोग्रॅम आणि मागून एक्सेल किंवा वर्ड उघडून रिपोर्ट बनवणारे प्रोग्रॅम याच जातीचे. ऑफिसचे प्रोग्रॅम सर्व्हिसमधून चालवायला मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही. ग्राफिक्स कार्ड वापरणाऱ्या मीडिया सर्व्हरचंही जपून करावं. जेलीफिनचा विंडोज इन्स्टॉलर साधं इन्स्टॉल आणि सर्व्हिस असे दोन्ही पर्याय विचारतो आणि शिफारस साध्याची करतो. घरातल्या टीव्हीवर सिनेमे बघायचे तर घड्याळाशेजारचं ट्रे आयकॉन पुरेसं आहे. बंद पडलं तर कोणाचं बिल अडत नाही.

काही जण सर्व्हिसच्या भानगडीत न पडता ऑटो-लॉगिन लावतात आणि प्रोग्रॅम स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकतात. चालतं ते, पण मग कॉम्प्युटर चालू केला की कोणालाही थेट तुमच्या खात्यात प्रवेश. लोकांची ये-जा असलेल्या काउंटरवर हे करू नका.

आधी हातानं चालवून पाहा

कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.

प्रोग्रॅम कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीतून चालवा आणि चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: ईएक्सई फाइलचा पूर्ण पत्ता, तिला द्यावे लागणारे पर्याय, ती ज्या फोल्डरमधून चालते तो फोल्डर, आणि पोर्ट नंबर (ज्या क्रमांकावर दुसरी मशीन या प्रोग्रॅमला गाठतात तो). फोल्डरची नोंद विशेष महत्त्वाची, कारण सर्व्हिस वेगळं काही सांगितलं नाही तर विंडोजच्या 'सिस्टम३२' फोल्डरमधून सुरू होते. सेटिंगची फाइल 'इथेच शेजारी' शोधणारा प्रोग्रॅम मग ती सिस्टम३२ मध्ये शोधतो आणि पहिल्याच सेकंदाला बंद पडतो.

डेटा तुमच्या 'डॉक्युमेंट्स' किंवा डेस्कटॉपवर असेल तर आत्ताच हलवा. डी ड्राइव्हवर 'सर्व्हरडेटा' नावाचा फोल्डर करा, आत डेटा, लॉग आणि बॅकअप असे तीन उपफोल्डर. पायथन किंवा नोड फक्त स्वतःच्या खात्यापुरतं इन्स्टॉल केलेलं असेल तर ते काढून सर्व युजर्ससाठी पुन्हा इन्स्टॉल करा. नाहीतर तुमच्या 'ॲपडेटा'मधली फाइल दुसऱ्या खात्याला उघडता येत नाही. जावाच्या प्रोग्रॅमसाठी नुसतं 'जावा' असं न लिहिता जावाच्या ईएक्सईचा पूर्ण पत्ता द्या. पाथमध्ये (विंडोज ज्या फोल्डरांत प्रोग्रॅम शोधतं त्यांच्या यादीत) बदल करायचाच असेल तर तो सिस्टमच्या पाथमध्ये करा आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा, कारण चालू असलेल्या सर्व्हिस व्यवस्थेला नवा पाथ रीस्टार्टशिवाय कळत नाही.

प्रोग्रॅम आधीपासून स्टार्टअपमध्ये असेल तर तिथून काढा. हे हमखास विसरलं जातं. सर्व्हिस सुरू असते, मग कोणी लॉगिन करतं, दुसरी प्रत सुरू व्हायला बघते आणि पोर्ट आधीच घेतलेला म्हणून १००४८ क्रमांकाची चूक दाखवते. काही प्रोग्रॅम तर चूक न दाखवता शेजारचा पोर्ट पकडतात, आणि अर्धे लॅपटॉप एका प्रतीला, अर्धे दुसरीला जोडले जातात. पोर्ट कोणी धरलाय ते पाहायला 'नेटस्टॅट -एएनओ' चालवा. शेवटच्या रकान्यातला पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक) टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये शोधला की प्रोग्रॅमचं नाव मिळतं.

सर्व्हिस बनवणं

प्रोग्रॅममध्येच सोय असेल तर तीच वापरा. झॅम्प (अपाचे वेब सर्व्हर आणि मायएसक्यूएल डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) वापरणाऱ्यांनी कंट्रोल पॅनल उजवं क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'नं उघडावं. अपाचे आणि मायएसक्यूएलच्या नावांच्या डावीकडे 'सर्व्हिस'चा चौकोन असतो. मॉड्यूल आधी थांबवा, मग लाल फुलीवर क्लिक करा, हिरवी खूण आली की काम झालं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून न उघडता केलेला प्रयत्न अडतो.

सोय नसेल तर सरळ 'एससी क्रिएट' वापरायचा मोह होतो. साध्या ईएक्सईला ते लागू पडत नाही. सर्व्हिस सुरू झाल्यावर तिनं विंडोजच्या सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरला 'मी उठले' असं कळवावं लागतं. साध्या प्रोग्रॅममध्ये ती सोयच लिहिलेली नसते, म्हणून विंडोज ३० सेकंद थांबतं, प्रोग्रॅम बंद करतं आणि १०५३ ची चूक दाखवतं. प्रोग्रॅम मात्र निर्दोष असतो. (खरोखरच्या सर्व्हिस प्रोग्रॅमसाठी ही कमांड वापरताना 'बिनपाथ' आणि बरोबरचं चिन्ह जोडून लिहा, चिन्हानंतर एक जागा सोडा. ती जागा राहिली की कमांड नुसती मदतीचा मजकूर दाखवते.)

म्हणून मध्ये एक दुभाष्या लागतो, म्हणजे विंडोजशी सर्व्हिस म्हणून बोलणारा आणि आपला साधा प्रोग्रॅम चालवणारा छोटा प्रोग्रॅम. एनएसएसएम हा त्यातला सर्वांत सोपा, विनएसडब्ल्यू दुसरा. विनएसडब्ल्यूची सेटिंग त्याच नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहावी लागते. एनएसएसएम घेताना २.२४ ही जुनी आवृत्ती उचलू नका. विंडोज १० च्या क्रिएटर्स अपडेटपासून तिच्यावर सर्व्हिस सुरू न होण्याची अडचण आहे, २.२४-१०१ किंवा त्यापुढची घ्या. ती फाइल कायमच्या जागी ठेवा, 'डाउनलोड्स'मध्ये नव्हे. कारण सर्व्हिस म्हणून विंडोज जी ईएक्सई चालवतं ती एनएसएसएमचीच असते. कोणी डाउनलोड्स साफ केलं की सर्व्हिस गेली.

ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एनएसएसएम इन्स्टॉल' आणि पुढे सर्व्हिसचं नाव लिहा. नाव रोमन, छोटं, मध्ये जागा नको. खिडकी उघडेल. 'ॲप्लिकेशन' टॅबवर पाथ, स्टार्टअप डिरेक्टरी आणि आर्ग्युमेंट्स भरा. हेच ते कागदावर लिहून घेतलेलं. ज्या आर्ग्युमेंटमध्ये फोल्डरच्या नावात जागा आहे तिला दुहेरी अवतरण चिन्हं लावा. 'डिटेल्स'मध्ये स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)' ठेवा. बाकीच्या ऑटोमॅटिक सर्व्हिसेस सुरू झाल्यावर साधारण दोन मिनिटांनी ती उठते आणि तोवर नेटवर्क स्थिरावलेलं असतं. 'डिपेंडन्सीज'मध्ये डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव लिहा. तेवढ्यानं डेटाबेस 'रनिंग' झाल्याची खात्री मिळते, तो उत्तर द्यायला तयार असल्याची मिळत नाही. पहिल्या जोडणीतच हार मानणारा प्रोग्रॅम असेल तर सर्व्हिस आपोआप रीस्टार्ट होण्यावर भिस्त ठेवावी लागते.

'आय/ओ' टॅबवर आउटपुट आणि एरर दोन्हीसाठी लॉग फोल्डरमधल्या फाइलचा पत्ता द्या. हे टाळू नका. काळ्या खिडकीत जे दिसत होतं ते आता फक्त इथेच दिसणार आहे. 'फाइल रोटेशन'मध्ये रोटेशन चालू करून १०४८५७६० बाइट म्हणजे १० एमबीची मर्यादा घाला. जुन्या फाइल एनएसएसएम पुसत नाही, त्या अधूनमधून हातानं काढाव्या लागतात.

सर्व्हिस सुरू केल्यावर ती 'पॉज्ड' दिसली तर तुम्ही काही थांबवलेलं नसतं. प्रोग्रॅम दीड सेकंदाच्या आत मरतोय आणि एनएसएसएम वाढत्या अंतरानं पुन्हा पुन्हा प्रयत्न करतोय, असा त्याचा अर्थ. लॉग उघडा, कारण तिथे असतं.

कोणाच्या नावानं चालवायची

काही न सांगितलं तर सर्व्हिस 'लोकल सिस्टम' या खात्याखाली चालते. मशीनवर सर्वाधिकार असलेलं हे खातं आहे. नेटवर्कवर उघडा असलेला प्रोग्रॅम या खात्यानं चालवणं म्हणजे त्यातल्या एका भोकातून अख्खं मशीन देऊन टाकणं. आमचं मत स्पष्ट आहे: वेगळं साधं खातं काढा, ॲडमिनिस्ट्रेटर नको, लांब पासवर्ड द्या आणि 'पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स' लावा. मग 'सर्व्हिसेस'च्या खिडकीत सर्व्हिसवर डबल क्लिक, 'लॉग ऑन' टॅब, 'धिस अकाउंट'. तिथून खातं निवडलं की 'लॉग ऑन ॲज अ सर्व्हिस' हा हक्क विंडोज स्वतःच देतं. पुढे कधी त्या खात्याचा पासवर्ड बदलला तर इथेही बदला, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला १०६९ ची चूक (खात्याचं लॉगिन न झाल्यानं सर्व्हिस सुरू झाली नाही) ठरलेली. बदल सोमवारी केलेला असतो, रीस्टार्ट दोन महिन्यांनी होतं, आणि दोन्हींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

आता डी ड्राइव्हवरच्या सर्व्हरडेटावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, ॲड या वाटेनं त्या खात्याला 'मॉडिफाय' द्या. प्रोग्रॅमच्या फोल्डरला फक्त वाचण्याची आणि चालवण्याची परवानगी पुरते. लॉगमध्ये 'ॲक्सेस डिनाइड' किंवा चूक ५ दिसली की हीच पायरी राहिलेली असते.

बॅकअप एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या, फाइल साठवणाऱ्या डब्यावर) जात असेल तर आणखी एक गाठ आहे. झेड ड्राइव्ह तुमच्या लॉगिनपुरता जोडलेला असतो, सर्व्हिसला तो माहीतच नाही. सेटिंगमध्ये झेड काढून दोन बॅकस्लॅशनं सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता लिहा. तेवढ्यानं भागलं नाही तर खात्याकडे पाहा: डोमेन (सगळ्या मशीनची खाती एका ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था) नसलेल्या छोट्या कचेरीत लोकल सिस्टमला एनएएस ओळखत नाही आणि दार लावून घेतं. तुम्ही काढलेल्या खात्याच्याच नावानं आणि त्याच पासवर्डनं एनएएसवर एक खातं उघडा, त्याला त्या फोल्डरपुरते हक्क द्या.

फायरवॉल, आणि खरी परीक्षा

खिडकीत चालणारा सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना फायरवॉल विचारतं, आपण 'अलाउ' म्हणतो आणि विसरतो. सर्व्हिसला स्क्रीन नाही, त्यामुळे तो प्रश्न कोणाला दिसतच नाही. नियम हातानं घालावा लागतो: ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीवालं विंडोज डिफेंडर फायरवॉल उघडा, इनबाउंड रूल्स, न्यू रूल, पोर्ट, टीसीपी, तुमचा पोर्ट नंबर, अलाउ, आणि प्रोफाइलमध्ये फक्त 'प्रायव्हेट'. मग वायफाय किंवा केबलचं नेटवर्क 'पब्लिक' लागलेलं नाही ना ते पाहा. राउटर बदलला की विंडोज नव्या नेटवर्कला बहुधा पब्लिक धरतं आणि हा नियम निकामी होतो. गेस्ट हाऊसमध्ये पाहुण्यांचं वायफाय आणि कचेरीचं नेटवर्क वेगळं हवंच.

सर्व्हरच्या मशीनवर पान उघडतं पण मोबाइलवर उघडत नाही, आणि फायरवॉल ठीक आहे, तर प्रोग्रॅमच्या सेटिंगमधला ऐकण्याचा पत्ता पाहा. तो १२७.०.०.१ असेल तर प्रोग्रॅम फक्त स्वतःच्या मशीनचं ऐकतो, ०.०.०.० करा. राउटरमध्ये त्या मशीनसाठी आयपी पत्ता राखून ठेवा, म्हणजे लाईट गेल्यावर पत्ता बदलणार नाही.

मग परीक्षा घ्या. मशीन रीस्टार्ट करा. लॉगिन करू नका. पासवर्डची स्क्रीन तशीच ठेवून तीन-चार मिनिटं थांबा आणि मोबाइलवरून सर्व्हर उघडा. उघडला तर सर्व्हिस झाली. लॉगिन करून घेतलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही.

यासाठी 'शट डाउन' करून पुन्हा चालू करू नका, 'रीस्टार्ट'च करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनला विंडोज सेशन ० बंद करत नाही, डिस्कवर साठवून ठेवतं, आणि सर्व्हिस जुन्याच अवस्थेत परत येते. सर्व्हरच्या मशीनवर फास्ट स्टार्टअप बंदच करा, आणि 'स्लीप' कधीच नको असं लावा. सर्व्हिस चालू आहे म्हणून विंडोज झोपायचं थांबत नाही.

लाईट जाते तेव्हा

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशा नावाचा पर्याय असतो; तो 'पॉवर ऑन' ठेवा. 'लास्ट स्टेट' नको, कारण यूपीएसनं मशीन नीट बंद केलं असेल तर शेवटची अवस्था 'बंद' हीच असते.

इथे एक खाच आहे. यूपीएसची यूएसबी केबल लावून बॅटरी उतरल्यावर मशीन आपोआप बंद होईल असं केलंत, आणि मशीन बंद झाल्यावर पण यूपीएस पूर्ण रिकामा होण्याआधी लाईट आली, तर मशीनच्या दृष्टीनं लाईट गेलीच नव्हती. पॉवर ऑनचा पर्याय त्यामुळे जागा होत नाही आणि मशीन बंदच राहतं. म्हणून यूपीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मशीन बंद झाल्यावर यूपीएसही बंद कर' असा पर्याय असेल तर तो लावा. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट अर्ध्या तासात दोनदा जाऊन येते, तेव्हा ही परिस्थिती दुर्मिळ नाही. राउटरही यूपीएसवर हवा, नाहीतर सर्व्हर जिवंत आणि सगळे लॅपटॉप आंधळे.

बंद होताना विंडोज १० सर्व्हिसला साधारण ५ सेकंद देतं. मोठ्या डेटाबेसला ते कमी पडू शकतात आणि फाइल अर्धवट लिहिली जाते. मशीन बंद करणाऱ्या यूपीएसच्या बॅच फाइलमध्ये आधी 'नेट स्टॉप' आणि बिलिंगच्या सर्व्हिसचं नाव, मग 'नेट स्टॉप' आणि डेटाबेसचं, आणि शेवटी 'शटडाउन' असा क्रम लिहा. सर्व्हिस थांबवताना एनएसएसएम प्रोग्रॅमला कंट्रोल-सी पाठवून १५०० मिलिसेकंद वाट पाहतो. त्याच्या 'शटडाउन' टॅबवर ते १५००० करा.

सर्व्हिसच्या 'रिकव्हरी' टॅबवर पहिल्या, दुसऱ्या आणि पुढच्या बिघाडासाठी 'रीस्टार्ट द सर्व्हिस' निवडा, अंतर १ मिनिट. अपडेटच्या रीस्टार्टसाठी 'ॲक्टिव्ह अवर्स' लावा. जास्तीत जास्त १८ तासांची मुदत ठेवता येते.

टास्क शेड्युलर, आणि लिनक्स

दुभाष्या नको असेल तर टास्क शेड्युलरमध्ये 'ॲट स्टार्टअप' आणि 'रन व्हेदर युजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' असं टास्क बनवता येतं. दोन पर्यायांवरच्या टिक काढून टाकायच्या: 'तीन दिवसांपेक्षा जास्त चालल्यास थांबवा' आणि 'एसी पॉवर असेल तरच सुरू करा'. पहिली राहिली तर सर्व्हर दर चौथ्या दिवशी गप्प होतो आणि कारण सापडता सापडत नाही.

जुन्या मशीनवर उबंटू किंवा डेबियन टाकलं असेल तर हे काम कमी कटकटीचं. लिनक्समध्ये सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टमडीची एक युनिट फाइल पुरते: त्यात युजर, वर्किंग डिरेक्टरी, एक्झेकस्टार्टमध्ये पूर्ण पत्ता, रीस्टार्टला 'ऑन-फेल्युअर', रीस्टार्टसेकला ५ आणि वाँटेडबायला 'मल्टी-युजर डॉट टार्गेट'. फाइल बदलली की 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड' करायचं. 'स्टार्ट' फक्त आत्तापुरतं असतं. 'इनेबल' केलं नाही तर रीस्टार्टनंतर सर्व्हर उठत नाही. लॉग पाहायला 'जर्नलसीटीएल -यू' आणि नाव. युजर सर्व्हिस केली असेल तर त्या खात्यासाठी 'लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर' लागतं, नाहीतर लॉगआउटबरोबर तीही जाते.

अपडेट आणि काढून टाकणं

नवी आवृत्ती टाकताना आधी सर्व्हिस थांबवा, टास्क मॅनेजरमध्ये ईएक्सई खरंच गेली का पाहा, डेटाची प्रत घ्या, मग फाइल बदला. चालू ईएक्सईवर नवी टाकायला गेलात तर 'फाइल वापरात आहे' येतं, आणि काही इन्स्टॉलर निम्म्या फाइल बदलून थांबतात. ईएक्सईचा फोल्डर बदलला असेल तर 'एनएसएसएम एडिट' करून पत्ता सुधारा.

सर्व्हिस कायमची काढायची तर थांबवा आणि 'एनएसएसएम रिमूव्ह' चालवा. १०७२, म्हणजे 'काढण्यासाठी खूण केली आहे', असं आलं तर घाबरून मशीन रीस्टार्ट करू नका. सर्व्हिसेसची किंवा टास्क मॅनेजरची खिडकी कुठेतरी उघडी असते. ती बंद केली की नोंद जाते आणि त्याच नावानं नवी सर्व्हिस करता येते.